अंगावर काढलेली दुखणी: नळदुर्ग परिसरातील स्त्रीरोगांचा इतिहास

नळदुर्गचा इतिहास आजवर प्रामुख्याने किल्ल्याचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. बोरी नदीवर घातलेल्या बांधाच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, पाणीमहाल उभा राहिला आणि त्याची नोंद शिलालेखात कोरली गेली. परंतु त्याच बोरीच्या काठी धुणी धुणाऱ्या आणि पाणी वाहणाऱ्या स्त्रियांच्या दुखण्यांची नोंद ना शिलालेखात सापडते, ना दफ्तरात. अंगावरून पांढरे जाणे आणि पाळी लांबणे या त्यांतल्या सर्वांत सार्वत्रिक तक्रारी होत. त्यांचा इतिहास लिहायचा तर वैद्यकाचे जुने ग्रंथ, दोन राजवटींची दवाखान्यांविषयीची धोरणे, सुईणींचे व्यवहारज्ञान आणि गेल्या चार दशकांतील आरोग्यपाहण्या एकत्र ठेवूनच तो लिहावा लागतो. तसा तो मांडला असता असे दिसते, की या मुलखात औषधांचा तुटवडा कधीच नव्हता. तुटवडा होता तो स्त्रीला तिच्या दुखण्याविषयी विचारणाऱ्याचा आणि तिला तपासणाऱ्याचा.

या दोन तक्रारींचे शरीरशास्त्र थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. योनिमार्गातून थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव होणे हा आजार नसून शरीराचा धर्म आहे. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीजकोशातून बीज सुटण्याच्या सुमारास, तो अधिक पातळ व बुळबुळीत होतो आणि गरोदरपणात त्याचे प्रमाण वाढते. हा स्राव दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट होऊन खाज सुटली तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. करडा आणि माशासारख्या वासाचा झाला तर योनिमार्गातील उपकारक जंतू घटून इतर जंतू माजलेले असतात. हिरवट-पिवळा व फेसाळ झाला तर ट्रायकोमोनास या एकपेशीय परोपजीवीची शंका घेतली जाते, आणि हा संसर्ग शरीरसंबंधातून पसरत असल्याने पतीवरही उपचार करावे लागतात. दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्रावाच्या मागे मात्र गर्भाशयमुखाचा कर्करोगही असू शकतो. पाळीच्या बाबतीत प्रौढ स्त्रीचे २१ ते ३५ दिवसांचे चक्र स्वाभाविक मानले जाते, तर न्हाण आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आणि पाळी जाण्याच्या वयात ते मागेपुढे होते. पाळी लांबण्याचे पहिले कारण अर्थातच दिवस जाणे हे असते. त्याखेरीज अंगावर दूध पाजणे, उपासमार, अतिश्रम, मनावरील ताण, गलग्रंथीचे म्हणजे थायरॉइडचे विकार आणि बीजकोशांत अनेक लहान गाठी दिसणारा, संप्रेरकांच्या असंतुलनाचा पीसीओएस हा विकार ही प्रमुख कारणे होत.

प्राचीन वैद्यकाने या तक्रारींची दखल तपशिलाने घेतली होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात योनिव्यापद, म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाचे विकार, वीस प्रकारचे सांगितले आहेत आणि त्यांची लक्षणे दोषांनुसार लावली आहेत. वातप्रधान विकारात रुक्षता व वेदना, पित्तप्रधान विकारात दाह आणि उष्ण, दुर्गंधी स्राव, तर कफप्रधान विकारात बुळबुळीत स्राव व खाज असे हे वर्णन आहे. पुष्यानुग चूर्ण तांदळाच्या धुवणातून देण्याचा प्रघात याच अध्यायापर्यंत मागे जातो. औषधी काढ्याने धुणे म्हणजे धावन आणि औषधी तेलात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवणे म्हणजे पिचू, हे स्थानिक उपचारही त्या परंपरेत आहेत. 'श्वेतप्रदर' हे स्वतंत्र नाव मात्र पुढच्या काळातील ग्रंथांत आणि टीकांत रूढ झाले. सुश्रुतसंहितेत पाळी बंद पडण्याला नष्टार्तव म्हटले असून त्यावर मासे, हुलगे, तीळ, उडीद आणि आंबट पदार्थ सांगितले आहेत, म्हणजे उष्ण समजल्या जाणाऱ्या अन्नाने अडलेले रज मोकळे करावे असा विचार त्यामागे होता. या ग्रंथांतील निरीक्षण बारीक होते यात शंका नाही. परंतु ते संस्कृतात होते, वैद्य पुरुष होते आणि खेड्यातील कष्टकरी स्त्रीपर्यंत त्यातले काय पोहोचले याचा माग ग्रंथांवरून लागत नाही.

नळदुर्ग आदिलशाहीत असताना या परंपरेला दुसरी एक परंपरा येऊन मिळाली. पाणीमहाल ज्याच्या कारकिर्दीत बांधला गेला त्याच इब्राहिम आदिलशहाच्या पदरी असलेला इतिहासकार मुहंमद कासिम फिरिश्ता याने 'दस्तूर-उल-अतिब्बा' हा फारसी ग्रंथ लिहून भारतीय वैद्यांची औषधयोजना फारसी वाचकांसाठी संकलित केली. दख्खनेत हकीम आणि वैद्य हे दोन स्वतंत्र जगांचे रहिवासी नव्हते, याची ही ठळक खूण होय. यूनानी वैद्यकात श्वेतस्रावाला सैलानुर्रहम आणि पाळी अडण्याला एहतबास-ए-तम्स अशी नावे आहेत, आणि त्यांची मीमांसा चार द्रव्यांच्या म्हणजे अखलातांच्या समतोलावर केली जाते. पुढे निजामशासित हैदराबाद राज्यात यूनानी वैद्यकाला सरकारी आश्रय मिळाला व राजधानीत चारमिनारजवळ निजामी शिफाखाना उभा राहिला. तथापि, हकिमाने परक्या स्त्रीची नाडी पाहावी, फार तर लक्षणे मध्यस्थाकडून ऐकून घ्यावीत, यापलीकडे तपासणी जात नसे. आणि वैद्याच्या बाबतीतही परिस्थिती फारशी निराळी नव्हती.

प्रत्यक्षात गावातील स्त्रीचा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा आधार सुईण आणि घरातील थोरली बाई हाच असे. त्यांच्या ज्ञानाचा कणा उष्ण आणि थंड हा भेद होता. अंगावरून पांढरे जाते ते उष्णतेने, म्हणून सब्जा, तांदळाचे धुवण, शतावरी किंवा गोखरू द्यावे. पाळी अडली ती थंडाव्याने, म्हणून तीळगूळ, हुलग्याचे कढण, अळीव किंवा ओवा द्यावा, ही योजना आजही या भागातील घराघरांत सांगितली जाते आणि ती ग्रंथपरंपरेशी किती जुळते हे वरील उल्लेखांवरून ध्यानात येईल. पांढऱ्या स्रावाबरोबर हाडे झिजून जातात, म्हणूनच कंबर दुखते आणि बाई वाळत जाते, ही समजूतही तितकीच खोलवर रुजलेली होती. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही; परंतु रक्तक्षय, अपुरे अन्न, लागोपाठची बाळंतपणे आणि डोक्यावरची ओझी यांनी पिचलेल्या देहाची ती स्त्रीने स्वतः मांडलेली कैफियत होती, आणि ती ऐकणाऱ्याने कंबरदुखीची इतर कारणे शोधणे आवश्यक होते. औषधाने गुण आला नाही तर पाणवठ्यावरच्या आसरांचा, म्हणजे जलदेवतांचा, कोप झाला असे मानून त्यांची ओटी भरली जाई.

नळदुर्ग ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील उत्खनित अवशेषांत लज्जागौरीच्या मूर्ती मिळाल्या आहेत आणि त्या उपासनेचा सविस्तर अभ्यास रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात केला आहे. सर्जनाच्या अवयवाला देवत्व देणाऱ्या याच समाजात त्या अवयवाचे दुखणे बोलून दाखवणे लाजिरवाणे ठरले. पाळीच्या दिवसांतील विटाळामुळे घडीचे कापड उन्हात, चारचौघांच्या नजरेसमोर वाळत घालता येत नसे. ते अडगळीत, दुसऱ्या कपड्यांखाली, ओलसर राहत असे, आणि पाणीटंचाईच्या वर्षांत ते पुरेसे धुतलेही जात नसे. धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने ही अडचण अपवादाची नव्हती. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने दख्खनचा हा सारा पट्टा होरपळला आणि १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्रिया खडी फोडण्याच्या कामावर गेल्या. दीर्घ उपासमारीत मेंदूकडून बीजकोशांना मिळणारे संप्रेरकांचे संदेश मंदावतात आणि पाळी लांबते किंवा थांबते, हे दुसऱ्या महायुद्धातील नेदरलँड्सच्या दुष्काळावरून वैद्यकाने पुढे सविस्तर नोंदवले. दख्खनच्या दुष्काळांची अशी नोंद कोणी ठेवली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नळदुर्ग काही काळ ब्रिटिश अमलाखाली आले. १८५३ च्या तहाने निजामाने हा जिल्हा ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, कर्नल फिलिप मेडोज टेलर याने १८५७ पर्यंत नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्याचा कारभार पाहिला, आणि १८६० मध्ये जिल्हा पुन्हा निजामाकडे गेला. टेलरच्या आत्मचरित्रात रस्ते, तलाव आणि जमीनमोजणी यांना मोठे स्थान आहे, आणि त्या काळच्या प्रशासनाची दृष्टीही तेवढ्यापुरतीच होती. स्त्रियांच्या वैद्यकीय गरजेचा प्रश्न सार्वजनिकरीत्या ऐरणीवर आला तो १८८० च्या दशकात. १८८५ मध्ये लेडी डफरीन फंड स्थापन झाला आणि स्त्री-डॉक्टरांची जनाना रुग्णालये हिंदुस्थानभर निघू लागली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच आपल्या प्रबंधाचा विषय निवडला. हैदराबादेत व्हिक्टोरिया जनाना रुग्णालयाची पायाभरणी १९०६ मध्ये झाली. नळदुर्ग हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव असले, तरी ब्रिटिश मुलखातील सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर आणि राजधानी त्याच्या पाचपटीहून दूर होती. बाळंतपण अडले तरच बैलगाडी जुंपली जाई. अंगावरून पांढरे जाते म्हणून ती कोणी जुंपली नसती.

याच सुमारास प्रयोगशाळांतून या दुखण्यांची कारणे उलगडत होती. ट्रायकोमोनासचे वर्णन १८३६ मध्ये पॅरिसच्या अल्फ्रेड डोने याने केले होते. १८९२ मध्ये जर्मन वैद्य आल्बर्ट ड्योडरलाइन याने योनिमार्गात आम्लता राखणारे जंतू दाखवून दिले. १९३५ मध्ये अमेरिकेतील स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी लांबलेली पाळी आणि बीजकोशांतील गाठी यांचा संबंध मांडला. मराठी वाचकाशी अशा विषयांवर आडपडदा न ठेवता बोलण्याचे काम र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिकातून केले आणि त्यासाठी खटलेही सोसले. परंतु मासिक वाचण्यासाठी अक्षरओळख लागते, आणि त्या काळातील मराठवाड्यात ती असणारी स्त्री विरळा होती.

१९४८ मध्ये हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे निघाली आणि नर्सबाई गावोगाव फिरू लागल्या. तथापि, पुढील तीन दशके या यंत्रणेचे लक्ष कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांवर खिळले होते. स्त्रीची दखल घेतली जाई ती गरोदर असताना किंवा शस्त्रक्रियेची 'केस' म्हणून. तांबी बसवल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर अंगावरून जाऊ लागले, असे बायका सांगत. आधीपासूनचा संसर्ग होता की नंतर झाला, हे ठरवण्यासाठी आधी कोणी तपासलेलेच नसे.

या मौनाची मोजदाद प्रथम गडचिरोलीत झाली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 'सर्च' संस्थेमार्फत वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले, प्रत्येकीमागे सरासरी ३.६ रोग निघाले, आणि त्यापूर्वी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्केच होत्या, म्हणजे उरलेल्यांपैकी बहुतेकजणी आपले दुखणे हा बाईच्या जन्माचा भाग समजून ते अंगावर काढत होत्या. राणी बंग यांचे 'कानोसा' हे पुस्तक याच संवादांतून घडले. या अभ्यासाचा परिणाम गडचिरोलीपुरता राहिला नाही. स्त्रियांचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे, ही मांडणी १९९४ च्या कैरो परिषदेतून आणि त्यानंतर १९९७ मध्ये भारतात सुरू झालेल्या प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमातून अधिकृत झाली.

नळदुर्गच्या शेजारी हाच विचार अणदूरमध्ये रुजला. खंडोबा दोन्ही गावांत आळीपाळीने मुक्कामाला असतो, त्यामुळे नळदुर्ग आणि अणदूर यांचे नाते जुनेच आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी अणदूरमध्ये रुग्णालय थाटून 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'च्या वतीने खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यशिक्षण दिले आणि त्यांना 'भारतवैद्य' असे नाव दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या परिसराकडे देशाचे लक्ष गेले आणि अशा कामाची गरज अधिक ठळक झाली. जी गोष्ट डॉक्टरला सांगता येत नाही ती आपल्याच गल्लीतील, आपल्याच जातभाषेतील बाईला सांगता येते, हे सुईणीच्या काळापासूनचे सत्य होते. भारतवैद्य स्त्रीकडे त्याच्या जोडीला तपासणीकडे पाठवण्याचा मार्ग होता, एवढाच परंतु निर्णायक फरक होता.

विचारणे आणि तपासणे यांनी नेमके काय साधते, याचा आकड्यांतील पुरावा जगाला धाराशिव जिल्ह्यानेच दिला. शेजारच्या बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुकेही होते. या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळत होता आणि तो बहुधा हाताबाहेर गेल्यावरच उघडकीस येई. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन केवळ रुग्ण मोजत बसले नाहीत. दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे ही लक्षणे त्यांनी लोकांना समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या रुग्णालयात पाठवले. एवढ्यानेच कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण वाढले, असा निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवे यंत्र नव्हते की नवे औषध नव्हते.

त्यापुढचा टप्पा ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना सामावून घेणारा अभ्यास हाती घेतला. ग्रामसमूहांचे चार गट पाडण्यात आले. एका गटात गर्भाशयमुखावरून ब्रशने नमुना घेऊन एचपीव्ही या कर्करोगकारक विषाणूची चाचणी झाली. दुसऱ्यात पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. तिसऱ्यात प्रशिक्षित परिचारिकेने गर्भाशयमुखावर सौम्य अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहिले. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा तेवढी मिळाली, चाचणी झाली नाही. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ आणि चाचणी न झालेल्या गटात ६४ मृत्यू झालेले आढळले. बळावलेल्या अवस्थेतील कर्करोगाची संख्या अनुक्रमे ३९ आणि ८२ होती. एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे निष्कर्ष आले आणि आयुष्यात एकदाच केलेली एचपीव्ही चाचणीही मृत्यू निम्म्यावर आणू शकते, हे जगभरच्या धोरणकर्त्यांपुढे स्पष्ट झाले. चौथ्या गटातील स्त्रियांना चाचणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय, यावर पुढे कठोर टीका झाली, आणि तिचे गांभीर्य नाकारता येत नाही. ज्ञान जगाचे झाले, त्याची किंमत मात्र याच जिल्ह्यातील स्त्रियांनी मोजली.

तक्रार बोलली गेली तरी तपासणी प्रामाणिक नसेल तर काय होते, याचे उदाहरणही शेजारीच आहे. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पाळीत काम बुडाले की खाडा लागतो, फडावर आडोसा आणि पाणी मिळत नाही, अंगावरून जाणे आणि ओटीपोटात दुखणे थांबत नाही. अशा वेळी पिशवी काढून टाकणे हाच उपाय म्हणून पुढे केला जाई आणि कर्करोगाची भीती त्याला जोड देई. योनिमार्गातील साध्या संसर्गावर काही दिवसांच्या गोळ्या पुरतात. त्यासाठी गर्भाशय गमावावे लागणे ही तपासणीच्या अभावाची दुसरी बाजू होय. ऊसतोडणीला जाणाऱ्या टोळ्या धाराशिव जिल्ह्यातूनही निघत असल्याने हा प्रश्न बीडच्या सीमेपाशी थांबत नाही.

आज परिस्थिती पालटली आहे, ती साधनांच्या बाबतीत. आशा कार्यकर्तीकडे 'निश्चय' नावाचा गर्भचाचणी संच असतो आणि पाळी लांबलेल्या स्त्रीला दिवस गेले आहेत की नाही हे लघवीच्या काही थेंबांवरून काही मिनिटांत कळते. सरकारी दवाखान्यांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये योनिस्रावावरील औषधे हिरव्या पाकिटात मोफत मिळतात. १९७१ च्या कायद्यामुळे, आणि त्यातील २०२१ च्या दुरुस्तीमुळे, नको असलेले गर्भारपण सुरक्षितपणे संपवण्याची कायदेशीर वाट आहे. परंतु औषधांचे रंगीत पाकीट हे तपासणीला पर्याय नव्हे, कारण लक्षणे एकमेकांसारखी दिसतात आणि गर्भाशयमुखावर काय चालले आहे हे पाहिल्याखेरीज कळत नाही.

चरकाच्या वीस व्यापदांपासून हिरव्या पाकिटापर्यंतच्या या दीर्घ पटावर औषधे अनेकदा बदलली. स्त्रियांचे मृत्यू मात्र घटले ते त्यांना विचारले आणि तपासले गेले तेव्हाच. म्हणून स्रावाचा रंग, वास किंवा प्रमाण बदलले, खाज, ताप वा ओटीपोटात दुखणे त्याबरोबर आले, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, दिवस गेलेले नसताना तीन महिने पाळी आली नाही, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात तीव्र कळ येऊ लागली, तर त्या स्त्रीने दुखणे अंगावर न काढता दवाखाना गाठावा. यांपैकी शेवटच्या प्रसंगी तर त्याच दिवशी, कारण गर्भ नलिकेत राहिला असल्यास तासांचा विलंबही जिवावर बेततो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने, कोणतीही तक्रार नसली तरी, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी; एचपीव्ही चाचणीने जीव वाचतो हे सिद्ध झाले ते धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांतच, आणि तिचा लाभ सर्वांत आधी याच खेड्यांतील स्त्रियांना मिळाला पाहिजे.